पारसिकच्या उतारावरचं वळण: खड्डा नव्हता, तरी माणसं पडत होती

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला पारसिकची डोंगररांग आहे. डोंगर आणि रस्ता यांच्यामधल्या पट्ट्यात कारखाने, गोदामं, खडीचे ढीग आणि या सगळ्यांतून उतरत मुख्य रस्त्याला मिळणारे छोटे रस्ते. त्यांतल्या एका रस्त्याच्या शेवटच्या उताराला डावीकडे वळणारं एक वळण आहे. नेमकं ठिकाण आणि तो रस्ता सांभाळणारी यंत्रणा यांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. अशी वळणं नवी मुंबईत आणि ठाण्यात बरीच आहेत, आणि ज्या माणसांनी पुढे हे काम केलं त्यांना आरोपी करणं हा माझा हेतू नाही.

उतार साधारण वीसास एक. वळणाची त्रिज्या पन्नास मीटरच्या आसपास. सकाळी खाली उतरणारे बहुतेक जण रात्रपाळी सुटलेले कामगार, दुचाकीवर. त्यांच्या मागेपुढे कंपन्यांच्या बस, टँकर, खडीचे डंपर. वळण संपतं तिथे सिग्नल आहे, म्हणजे वळता वळताच ब्रेक दाबावा लागतो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत इथे दर पावसाळ्यात खड्डे पडायचे. मग एका उन्हाळ्यात त्यावर मॅस्टिक, म्हणजे गरम ओतायचं डांबरी मिश्रण, टाकलं. खड्डे गेले. लोक खूश झाले. मीही झालो, कारण कोपरखैरण्याहून लॅबला जाताना मी रोज याच रस्त्याने जातो.

मी रस्त्याच्या मालाची तपासणी करणाऱ्या लॅबमध्ये काम करतो. खडी, डांबर, काँक्रीटचे ठोकळे यांत माझी बावीस वर्षं गेली आहेत. तरीही या वळणावर काय चाललं आहे हे माझ्या लक्षात यायला एक मुलगा माझ्या डोळ्यांसमोर पडावा लागला.

जूनच्या पहिल्या पावसाचे दिवस होते. मुसळधार नव्हे, नुसती भुरभुर. रस्ता काळा चकचकीत दिसत होता. माझ्या पुढची स्कूटर वळणात शिरली, सिग्नल लाल झाला, पोराने ब्रेक दाबला आणि मागचं चाक ओल्या हातातून साबण निसटावा तसं बाजूला गेलं. वेग तीस-पस्तीसच्या वर नव्हता. पोरगा गुडघ्यावर आणि कोपरावर घसरत दुभाजकापर्यंत गेला. मागचा डंपर थांबला, म्हणून तो वाचला. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीतून मावशी हळदीचा डबा घेऊन धावत आल्या. साताऱ्याकडच्या आहेत, यजमान माथाडी होते. पोराला बसवून, पाणी पाजून त्या माझ्याकडे वळल्या.

“सकाळपासनं ह्यो तिसरा बघा, दादा. सायेब लोक म्हणत्यात, पोरं नीट चालवत न्हाईत. समद्यास्नीच गाडी चालवाया येत न्हाई व्हय?”

टपरीच्या भिंतीवर कालनिर्णय होतं. त्या दिवशीच्या चौकोनात दुधाच्या हिशेबाशेजारी निळ्या पेनाने तीन फुल्या. मी मागची पानं उलटली. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल जवळपास कोरे. मे महिन्यात एक फुली, त्याखाली लिहिलेलं: “टँकर, तेल”. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात फुल्यांची दाटी. मावशी दोन वर्षं हे करत होत्या. कोणी सांगितलं नव्हतं. “हळद किती लागती त्येचा हिशेब,” म्हणाल्या.

कागदावर हे वळण अस्तित्वातच नव्हतं

सोसायट्यांच्या महासंघाने आधीच अर्ज दिला होता आणि त्याला उत्तर आलं होतं: हे ठिकाण ब्लॅक स्पॉट नाही. उत्तर नियमाला धरून होतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येनुसार सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजेचे ५ अपघात झाले, किंवा १० जण दगावले, तर तो ब्लॅक स्पॉट. इथे कोणी दगावलं नव्हतं. पडलेला माणूस उठतो, हँडल सरळ करतो, लंगडत कामावर किंवा घरी जातो. पोलिसांत नोंद कोण करणार? मनगट मोडलं तरी डॉक्टरांना “घसरून पडलो” एवढंच सांगितलं जातं. कुठे घसरला, कशावरून घसरला, हे कुठल्याच कागदावर चढत नाही.

व्याख्येला मी दोष देत नाही. पैसा मर्यादित आहे, जिथे माणसं मरतात तिथे तो आधी जायला हवा. पण घसरणारा रस्ता माणूस मारण्याआधी कितीतरी महिने सूचना देत असतो, आणि त्या सूचना मावशींच्या कॅलेंडरवर होत्या, फायलीत नव्हत्या. मी त्या पानांचे फोटो काढून अर्जाला जोडले. सरकारी कागदात कालनिर्णयाची पानं बघून हसतील, असं महासंघाच्या सचिवांना वाटलं होतं. कोणी हसलं नाही. उलट रस्ता सांभाळणाऱ्या यंत्रणेचे उपअभियंता स्वतः जागेवर आले.

त्याआधी एक उपाय होऊन गेला होता आणि त्याने परिस्थिती बिघडवली होती. वेग कमी व्हावा म्हणून वळणातच थर्मोप्लास्टिकच्या आडव्या पिवळ्या पट्ट्या मारल्या होत्या, एकावर एक थर देऊन उंच केलेल्या. हेतू चांगला, जागा चुकीची. त्या पट्ट्यांवरचे काचेचे मणी झिजले की प्लास्टिक उघडं पडतं आणि ओलं झालं की फरशीसारखं होतं. वर प्रत्येक पट्टीमागे पाणी अडतं. दुचाकी तिरकी झालेली असताना, ब्रेक दाबलेला असताना, नेमकी त्या पट्टीवर येते. सरळ रस्त्यावर, वळणाच्या बरंच अलीकडे, याच पट्ट्या कामाच्या ठरल्या असत्या.

उपअभियंता साहेबांनी जागेवर उभं राहून विचारलं, “यात दोष काय? रस्ता आरशासारखा आहे.”

मी म्हणालो, “साहेब, दोष तोच आहे.”

पाटा, टाकी आणि चाकोरी

त्यांना मी जे सांगितलं तेच इथे सांगतो. आपल्या आजीच्या घरात पाटा-वरवंटा होता. वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की चटणी वाटली जाईना, नुसती सरकायची. मग गल्लीत टाकी लावणारी बाई आली की तिला हाक मारायची. ती छिन्नीने पाट्यावर टिपके मारायची आणि पाटा पुन्हा धरायला लागायचा. रस्त्याचंही हेच आहे, फक्त तिथे खरखर दोन प्रकारची लागते. एक बारीक, खडीच्या अंगावरची, बोटाला जाणवते पण डोळ्याला दिसत नाही, अर्ध्या मिलिमीटरहून लहान. टायरचं रबर खडीला धरतं ते हिच्यामुळे. दुसरी मोठी, खडीच्या दोन दाण्यांमधल्या खोलगटपणाची. टायरखालचं पाणी निघून जायला ती वाट देते. पहिली नसेल तर सावकाश जाणारी गाडीही घसरते. दुसरी नसेल तर वेग वाढला की टायर पाण्याच्या पातळ थरावर तरंगायला लागतो. या वळणावर दोन्ही गेल्या होत्या.

त्या गेल्या का, याची कारणं एकात एक गुंतलेली होती. मॅस्टिक म्हणजे डांबर, भरपूर बारीक भुकटी आणि थोडी खडी यांचं जवळपास दोनशे अंशांवर शिजवलेलं मिश्रण. कुकरमधून ओततात आणि लाकडी थापीने पसरवतात. पाणी आत जाऊ देत नाही, म्हणून पुलांवर आणि खड्डे पडणाऱ्या चौकांत ते उत्तम. पण त्याचा पृष्ठभाग मुळात गुळगुळीत असतो. म्हणूनच ते गरम असताना वरून डांबर लावलेली खडी पेरून दाबायची असते. अर्धी आत, अर्धी बाहेर. इथे कडेला ती खडी छान वर आलेली दिसत होती. चाकोरीत, म्हणजे जिथून चाकं जातात त्या दोन पट्ट्यांत, ती एकतर विरळ पेरली होती किंवा दोन उन्हाळ्यांत डंपरच्या वजनाने मऊ मॅस्टिकमध्ये बुडाली होती. जी थोडी उघडी होती तिचीही टोकं झिजली होती. आपला काळा दगड, बेसाल्ट, बारीक आणि एकजिनसी कणांचा असतो. ताकद भरपूर, पण काही खाणींचा दगड चाकाखाली हळूहळू झिलई घेतो. ज्या दगडात मऊ आणि कडक कण मिसळलेले असतात त्याचे मऊ कण आधी झिजतात, कडक उभे राहतात आणि खरखर टिकते.

त्यात वरून उतरणारी खडीची भुकटी. डंपरच्या फाळक्यातून ती सांडते, आठ महिने कोरड्या रस्त्यावर टायरखाली पॉलिश पेपरसारखी घासते आणि डिझेल-तेलाच्या थेंबांत मिसळून राहते. पहिली भुरभुर आली की त्याचा लगदा होतो. जोरात पाऊस झाला तर तो वाहून जातो आणि रस्ता थोडा सुधारतो. म्हणूनच फुल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात होत्या आणि जुलैच्या धो-धो दिवसांत कमी. वळणाच्या आतल्या बाजूचं गटार भुकटीने भरलेलं, त्यामुळे पाणी गटारात न जाता रस्त्यावरून तिरकं वाहत होतं, बरोबर ब्रेक दाबायच्या जागेवरून.

मोजलं तेव्हा

ऑगस्टमध्ये दोन दिवस उघडीप मिळाली. एका रविवारी पहाटे वाहतूक पोलिसांनी अर्धा रस्ता बंद करून दिला आणि आम्ही ब्रिटिश पेंड्युलम घेऊन गेलो. तीन पायांवर उभा राहणारा लोलक, त्याच्या टोकाला ७६ मिलिमीटर रुंदीची रबरी पट्टी. रस्त्यावर पाणी शिंपडायचं, लोलक आडवा धरून सोडायचा. रबर साधारण १२५ मिलिमीटर रस्त्याला घासत जातं आणि पलीकडे वर चढतं. रस्त्याने जेवढं धरलं तेवढा लोलक कमी चढतो आणि काटा जास्त आकडा दाखवतो. पाच वेळा सोडायचा, रस्त्याचं तापमान घ्यायचं, दुरुस्ती करून आकडा लिहायचा. त्या शांत पहाटे आवाजातूनच कळत होतं. कडेच्या खडीवर रबर खर्रकन ओढलं जात होतं. चाकोरीत नुसतं सूं झालं. काटा कडेला साठीपाशी थांबला आणि चाकोरीत चाळिशीच्या आत. ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीने १९६० च्या दशकात या यंत्रासाठी सुचवलेले आकडे आजही ठोकताळा म्हणून वापरतात: तीव्र वळणं, विसास एक किंवा अधिक उतार, सिग्नलआधीचा पट्टा अशा अवघड जागी ६५, मोठ्या वेगाच्या रस्त्यांवर ५५, इतरत्र ४५. आमचं वळण पहिल्या गटातल्या तिन्ही अटींत बसत होतं.

मग ब्लोअरने जागा वाळवून वाळूची चाचणी. ५० मिलिलिटर ठरावीक आकाराची बारीक वाळू रस्त्यावर ओतायची आणि सपाट चकतीने गोल गोल पसरवत न्यायची, खळगे भरेपर्यंत. खोलगट रस्त्यावर वाळू लवकर संपते, वर्तुळ लहान राहतं. कडेला ताटलीएवढं वर्तुळ झालं. चाकोरीत ते पसरत पसरत परातीएवढं गेलं, व्यास जवळपास ३५० मिलिमीटर. हिशेब सोपा आहे, आकारमान भागिले क्षेत्रफळ: सरासरी खोली अर्धा मिलिमीटर. उपअभियंता साहेब उकिडवे बसून ती परात बघत होते. त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, “खरंच हो, काहीच नाही इथे.” त्या क्षणानंतर मला काही पटवून द्यावं लागलं नाही.

वेगाचा मुद्दा मात्र मी सोडला नाही, कारण तोही खरा होता. पन्नास मीटर त्रिज्येच्या वळणावर चाळीसच्या वेगाने वळायला वेगाचा वर्ग भागिले (१२७ गुणिले त्रिज्या), म्हणजे गाडीच्या वजनाच्या ०.२५ पट एवढा बाजूचा आधार लागतो. रस्त्याचा बाहेरचा काठ उचललेला होता, त्याने ०.०४ मिळतात. उरलेले ०.२१ टायरच्या पकडीतून. आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) मानकांत वळणासाठी बाजूची पकड ०.१५ धरतात. म्हणजे पस्तीसच्या वर हे वळण रचनेतच बसत नव्हतं, आणि तिथे वेगाची पाटी नव्हती. ब्रेकसाठी आणि वळण्यासाठी पकड एकाच थैलीतून खर्च होते. थैलीच रिकामी असेल तर दोन्ही एकदम मागणारा पडतो. सरळ उतारावरचं गणित बघा: चाळीसच्या वेगात पकड ०.६ असेल तर ब्रेक लागल्यापासून गाडी सुमारे ११ मीटरमध्ये थांबते. ०.३ असेल तर २५ मीटर लागतात. मधले चौदा मीटर म्हणजे पुढे उभी असलेली बस.

काय टाकायचं

पहिली सूचना आली मायक्रोसरफेसिंगची: इमल्शन (पाण्यात मिसळलेलं डांबर), बारीक खडी आणि सिमेंटचा काही मिलिमीटर जाडीचा थर. स्वस्त, एका दिवसात होतो. सरळ, धडधाकट पण गुळगुळीत झालेल्या रस्त्यांवर मी तोच सुचवला असता. इथे नाही. वळणात ब्रेक दाबणारे भरलेले डंपर तो पातळ थर मऊ मॅस्टिकवरून सोलून काढतील अशी मला भीती होती. दुसरा पर्याय नुसती टाकी लावण्याचा: पोलादी छऱ्यांचा मारा करून किंवा मिलिंगच्या यंत्राने पृष्ठभाग खरवडायचा. काँक्रीटवर हे चांगलं चालतं, हिऱ्याच्या पात्यांनी खाचाही पाडता येतात. मॅस्टिकवर एक उन्हाळा गेला की खरवडलेलं पुन्हा बसतं.

मग राहिला सर्वांत महाग आणि माझ्या मते इथे योग्य असलेला उपाय. याला हाय फ्रिक्शन सरफेसिंग म्हणतात. दोन भागांचं राळेचं, बहुधा एपॉक्सीचं बाइंडर, म्हणजे दाणे धरून ठेवणारा चिकट थर, पसरायचं आणि त्यावर भाजलेल्या बॉक्साइटचे १ ते ३ मिलिमीटरचे दाणे पेरायचे. बॉक्साइट आपल्याला परकं नाही, कोल्हापूरच्या सड्यांवर निघतं. पण ते दीड हजार अंशांच्या वर भाजलं की इतकं कडक होतं की टायर त्याला झिलई देऊ शकत नाही. दगड किती झिलई घेतो हे मोजायची एक चाचणी आहे: दगडाचे नमुने फिरत्या चाकावर बसवून तीन तास जाड आणि तीन तास बारीक कुरुंदाच्या पुडीने घासायचे आणि मग त्यांच्यावर तोच पेंड्युलम चालवायचा. डांबरी वरच्या थराच्या खडीला आपल्या मंत्रालयाच्या मानकात ही किंमत किमान ५५ लागते. भाजलेलं बॉक्साइट सत्तरच्या वर राहतं. लंडनमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून सिग्नलांआधीच्या पट्ट्यांवर ते वापरलं जातंय. अमेरिकेच्या फेडरल हायवे ॲडमिनिस्ट्रेशनच्या माहितीनुसार अशा थराने वळणांवरचे इजेचे अपघात ४८ टक्क्यांपर्यंत आणि रॅम्पवरचे ६३ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतात.

अडचण एकच, आणि ती मोठी. राळ कडक असते. खाली मऊ मॅस्टिक ठेवून वर ती लावली तर उन्हात मॅस्टिक हलतं, राळ हलत नाही, भेगा पडतात आणि थर पापुद्र्यासारखा निघतो. पाया कच्चा असेल तर वरचा महागडा थर पायाच्या वरच्या कातडीसकट उचलला जातो. म्हणून माझा आग्रह असा होता: आधी वळणातलं मॅस्टिक मिलिंग करून काढा, चांगल्या दगडाचा घट्ट डांबरी थर टाका, त्यावरून महिनाभर तरी वाहनं जाऊ द्या आणि मग वर बॉक्साइट. मधला महिना सोडायचं कारण, नव्या थराच्या खडीवर डांबराचं पातळ आवरण असतं. ते झिजल्याशिवाय राळ नीट धरत नाही. त्या काळात नवा रस्ता स्वतःही थोडा घसरटच असतो, तसा फलक लावायला हवा.

खर्चावर वाद झालाच. म्हणून पूर्ण रस्ता सोडून फक्त गरजेचा तुकडा घेतला. चाळीसच्या वेगात माणसाला कळून ब्रेक दाबेपर्यंत, अडीच सेकंदांत, २८ मीटर जातात. त्यापुढे वाईटात वाईट २५ मीटर थांबायला. म्हणून वळणाच्या आधी साधारण ५५ मीटर, पूर्ण वळण आणि सिग्नलच्या थांबारेषेपर्यंत. एवढंच. सोबत गटार साफ करून त्याची तोंडं मोठी करायची, वळणातल्या पिवळ्या पट्ट्या काढून वर सरळ भागात न्यायच्या, बाणांचे फलक आणि ३० ची पाटी लावायची, आणि चाकोरीतच आलेलं एक गुळगुळीत लोखंडी झाकण बदलायचं. त्या झाकणाकडे माझं लक्ष मावशींनी वेधलं होतं. ओला पाय त्यावर ठेवला की त्या स्वतः घसरायच्या.

पेरणीच्या रात्री

पाऊस उघडल्यावर नोव्हेंबरात मिलिंग आणि नवा थर झाला. बॉक्साइटचं काम जानेवारीच्या अखेरीस, दोन रात्रींत. काम करणाऱ्या टोळीचा मुकादम लातूरकडचा, हाताखाली आठ जण. रस्ता आधी झाडला, मग हवेने फुंकला. मुकादमाने गुडघ्यावर बसून तळहात फिरवला, हात बघितला आणि पुन्हा फुंकायला लावलं. राळेचे दोन भाग मोजून, मोजून आणि पुन्हा मोजून मिसळले. हे मिश्रण थोडंही चुकलं तर राळ कधीच कडक होत नाही. दातेरी रबराच्या पट्टीने ती ओढत नेली की मागे ओळी दिसतात, क्षणभरात त्या मिळून येतात. त्यावर लगेच दाणे. मुठीने नव्हे, फावड्याने उधळून, ओली जागा दिसेनाशी होईपर्यंत. मला दिवाळीतल्या अनारशाची आठवण झाली: खसखस वरून नुसती टाकली तर झडते, पिठात अर्धी रुतली पाहिजे. इथेही दाणा अर्धा राळेत आणि अर्धा बाहेर हवा. राळ पातळ झाली तर दाणे उडतात, जाड झाली तर बुडतात आणि पुन्हा मॅस्टिकचीच गोष्ट.

पहिली रात्र छान गेली. दुसऱ्या रात्री पहाटे तीननंतर खाडीकडून दव उतरायला लागलं. गटाराजवळचा शेवटचा पट्टा राहिला होता. मी थांबायला सांगायला हवं होतं. प्लॅस्टिकचा तुकडा रस्त्याला चिकटवून खाली ओल धरते का, ही साधी चाचणी आम्ही संध्याकाळी केली होती, पहाटे पुन्हा केली नाही. सकाळी रस्ता उघडायचा होता, सगळे थकले होते, पट्टा उरकला. सहा आठवड्यांत तेवढ्याच पट्ट्याचे दाणे सुटायला लागले. खाली राळेवर धुकट पांढुरकी झाक होती, ओल अडकल्याची खूण. मार्चमध्ये तो चौकोन कापून, तासून, दुपारच्या कोरड्या वेळेत पुन्हा केला. हे मी लपवत नाही, कारण अशी कामं याच कारणाने बिघडतात आणि मग “हे आपल्याकडे चालत नाही” असं म्हणून सोडून दिली जातात.

आणखी एक गोष्ट जी कंत्राटात बहुधा एका ओळीत असते. राळ धरल्यावर वरचे सुटे दाणे झाडून घ्यायचे, आणि पुढचे काही दिवस पुन्हा पुन्हा. सुटा दाणा म्हणजे दुचाकीखालचा छर्रा. पहिल्या आठवड्यात रोज पहाटे झाडू मारला गेला. कधी झाडू आला नाही तर मावशी फोन करायच्या. “दादा, आज खडं तसंच हायेत.”

नंतर

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी पेंड्युलम पुन्हा नेला. मे मुद्दाम निवडला, कारण धूळ आणि तेल साचलेला, पावसाने न धुतलेला रस्ता वर्षभरातला सर्वांत वाईट असतो. चाकोरीत काटा ६५ च्या बराच पुढे थांबला. लोलक सुटताना होणारा तो खरखरीत आवाज ऐकून वाहतूक हवालदारही वाकून बघायला आले. वाळूचं वर्तुळ आता बशीएवढं होतं.

मग जून आला. टपरीतल्या नव्या कालनिर्णयाच्या त्या पानावर दोन फुल्या होत्या. एकीखाली “कुत्रं” लिहिलं होतं. दुसरी वरच्या अंगाच्या आणखी एका वळणावर, जिथे नवा थर सुरू होण्याआधी जुनं मॅस्टिक आहे. एका वर्षाच्या पानावरून निकाल लावू नये, हे मला कळतं. सर्वांत वाईट वर्षानंतर उपाय न करताही आकडे थोडे खाली येतात, आणि पाऊसही दर वर्षी सारखा नसतो. शिवाय आम्ही एकाच वेळी थर, गटार, पाट्या आणि झाकण असं सगळं बदललं, तेव्हा कशाचा किती वाटा ते वेगळं काढता येणार नाही. माझा कौल थर आणि गटार यांना आहे. गटार तुंबलं तर बॉक्साइटवर भुकटीचा लगदा साचून बारीक खरखर झाकली जाईल आणि केलेला खर्च वाया जाईल. म्हणून ते पावसाळ्याआधी दोनदा साफ करायचं, हे यंत्रणेने लेखी मान्य केलं आहे.

काळजीची एक गोष्ट दिसते. रस्ता धरतो आहे हे कळल्यावर काही पोरं तिथे आधीपेक्षा जोरात उतरतात. गणित बदललेलं नाही, वळण अजूनही पस्तीसचंच आहे. ३० ची पाटी झाडाच्या फांदीआड गेली होती, ती फांदी आता छाटली आहे.

वरच्या वळणावर, जिथे ती दुसरी फुली पडली, अजून जुनं मॅस्टिक आहे. तिथला उतार कमी आहे, सिग्नल नाही, म्हणून तिथे एवढ्या महागड्या थराची गरज असेल असं मला आत्ता तरी वाटत नाही. कदाचित मॅस्टिक काढून चांगल्या दगडाचा साधा थर पुरेल. मोजल्याशिवाय सांगणार नाही. येत्या रविवारसाठी यंत्र मागून ठेवलं आहे आणि अर्धा रस्ता बंद करायची परवानगी मिळाली आहे. मावशींनी पहाटे पाचला चहा द्यायचं कबूल केलं आहे.